आध्यात्मिक कुटुंब व शिष्यत्व (ख्रिस्ती)

येशू ख्रिस्ताच्या मागे चालण्याला शिष्यत्व म्हणतात. त्या वाटेवर भेटणाऱ्या माणसांशी जे नाते जुळते, ते आध्यात्मिक कुटुंब. शिकवताना हे दोन विषय वेगळे केले जातात. जगताना ते वेगळे राहत नाहीत, कारण शिष्य झालेल्याला भावंडे मिळतातच.

मराठीत हे नाते एका शब्दातच आले आहे. चर्चसाठी मराठी बायबलमध्ये ‘मंडळी’ हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे जमलेली सभा. मराठीत मात्र ‘घरची मंडळी’ म्हणजे आपली माणसे. सातारा किंवा मिरजेकडचा ख्रिस्ती माणूस ‘आमच्या मंडळीत’ म्हणतो, तेव्हा सभा आणि घर हे दोन्ही अर्थ त्याच्या बोलण्यात असतात.

या कल्पनेचा आधार शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आहे. येशू एका घरात शिकवत असताना त्याची आई आणि भाऊ बाहेर येऊन थांबतात. तेव्हा तो भोवती बसलेल्यांकडे पाहतो आणि देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तोच आपला भाऊ, बहीण आणि आई, असे सांगतो (मार्क ३). याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आणखी एक वचन आहे. ते सावकाश वाचावे. येशूसाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले, शेते सोडणाऱ्याला ती शंभरपट मिळतील, असे तिथे म्हटले आहे. पण मिळणाऱ्यांच्या यादीत घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते आहेत, बाप नाही. ती जागा देवाची. म्हणून या कुटुंबात कर्ता पुरुष कोणी माणूस नसतो आणि पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, तोसुद्धा थोरला भाऊच असतो. यादीच्या शेवटी ‘छळणुकीसह’ असा शब्द येतो, तोही विसरण्यासारखा नाही. येशूचा प्रेषित पौल मात्र करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की गुरू हजारो असले तरी बाप फार नसतात. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तो आपले लेकरू म्हणतो. हा ताण ख्रिस्ती परंपरेत आजही आहे: शिकवणाऱ्याला बापाची माया हवी, बापाची सत्ता नको.

महाराष्ट्रात या विचाराचा सर्वांत धाडसी प्रयोग साताऱ्यात झाला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा जलविधी) घेतला आणि पुढे बरीच वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. येशूला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुभाव होता आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांसोबत न घेतलेल्यांनाही जागा होती. हे साधे नव्हते. चर्चमध्ये आत कोण आणि बाहेर कोण, हे बाप्तिस्म्याने ठरते. टिळकांनी शिष्यत्व ही कसोटी धरली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि ख्रिस्ताला माउली म्हणत. गुरू, शिष्य, गुरुबंधू ही नाती वारकऱ्यांच्या मुलखात कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. दरबाराला मात्र दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे तो उभा राहू शकला नाही. पण कल्पना संपली नाही. टिळकांचे चरित्रकार जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ हा आश्रमी बंधुसंघ काढला.

या नात्याची किंमत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आधीच मोजली होती. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा माहेर-सासरच्या माणसांच्या मध्ये त्या एकट्या पडल्या आणि काही वर्षे वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच होता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या पावलांनी चालत येऊन. ख्रिस्ताच्या जीवनावरचे टिळकांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले. शिष्यत्व नवऱ्यामागून फरफटत येत नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल.

मिरजेत याच गोष्टीला दुसरे वळण मिळाले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उघडले, आणि पुढे वैद्यकीय शिक्षणाची व कुष्ठरुग्णांची सोयही झाली. घरच्यांनी टाकलेल्या माणसाची जखम धुणे हा तिथे शिष्यत्वाचा रोजचा पाठ होता.

आज हे कुटुंब मुख्यतः घरातल्या प्रार्थनेत दिसते. संध्याकाळी सतरंजी अंथरतात, चपलांची दारात गर्दी होते, पेटीवर कोणीतरी टिळकांच्या गीताचा सूर धरतो. एखादे पोर बोट ठेवून वचन वाचते, अडले की शेजारची आजी हळूच शब्द सांगते. मग एकेक जण साक्ष देतो: नोकरी, आजारपण, मुलाचा दहावीचा निकाल. शेवटी सगळे मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात आणि चहा येतो. नव्याने विश्वासात आलेल्याला जुनाजाणता कोणीतरी सोबत करतो, त्याच्याबरोबर बायबल वाचतो. शिष्य घडवण्याचे बहुतेक काम असेच, बिनबोभाट चालते.

परीक्षा होते ती मरणाच्या दारी. ज्याने एकट्याने हा विश्वास धरला, त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला कधीकधी रक्ताचे कोणी येत नाही. तेव्हा मंडळीतले चौघे पुढे होतात. कबरीवर पाळक प्रार्थना म्हणतात, आणि ज्याने त्याला पहिल्यांदा वचन वाचून दाखवले तो भाऊ वाकून मूठमाती देतो.