रायफल्ड स्लग बॅरल आणि त्याचं काडतूस

शिकारीच्या शॉटगनमधून छर्र्‍यांऐवजी एकच जड गोळी मारायची असेल तर त्या गोळीला स्लग म्हणतात, आणि ती नीट जावी म्हणून आतून पिळाच्या खाचा पाडलेली जी खास नळी मिळते ती रायफल्ड स्लग बॅरल. हरीण, रानडुक्कर अशा मोठ्या जनावरांसाठी हा प्रकार वापरतात. यात सगळ्यात मोठा घोळ नावाचा आहे, तो आधी मिटवू. दुकानात ज्या डब्यावर ‘रायफल्ड स्लग’ लिहिलेलं असतं ते काडतूस रायफल्ड बॅरलसाठी नसतंच, ते साध्या गुळगुळीत नळीसाठी असतं! रायफल्ड बॅरलला लागतं सॅबो स्लग, म्हणजे प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेली गोळी. पहिल्यांदा घेणारे इथेच चुकतात आणि मग बंदुकीला नावं ठेवतात.

गुळगुळीत नळीच्या स्लगचे दोन जुने प्रकार आहेत. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ मध्ये भरीव शिशाचा स्लग काढला ज्याच्या मागे वॅड, म्हणजे दारू आणि गोळीच्या मधला बोळा, पक्का जोडलेला असतो, आणि अमेरिकेत कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये मागून पोकळ असलेला मऊ शिशाचा स्लग बनवला. फॉस्टर स्लगचं वजन सगळं पुढे, त्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून जातो. त्याच्या अंगावरच्या तिरक्या रेघा बघून लोकांना वाटतं की त्याच्यामुळे तो गरगर फिरतो, पण तसं जवळपास काहीच होत नाही, त्या रेघांचा खरा उपयोग म्हणजे नळीच्या टोकाशी चोक, म्हणजे अरुंद केलेला भाग, असेल तर शिसं दबून सहज बाहेर पडावं. तरी अशा स्लगला सिलिंडर (अजिबात अरुंद नसलेला) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (किंचित अरुंद) चोकच बरा, फार अरुंद असा फुल चोक नको.

सॅबोचं काम वेगळं. यात गोळी नळीपेक्षा बरीच बारीक असते, म्हणजे १२ गेजची नळी (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) आतून साधारण १८.५ मिलिमीटर आणि आतली गोळी अर्ध्या इंचाच्या आसपास, आणि मधली जागा प्लॅस्टिकची वाटी भरून काढते. नळीतल्या खाचा धरतात त्या या प्लॅस्टिकला, प्लॅस्टिक फिरतं म्हणून गोळी फिरते, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर वाटीच्या पाकळ्या उघडून गळून पडतात. रेंजवर नळीच्या पुढे थोडं चालत गेलात तर या पाकळ्या जमिनीवर सापडतात, त्यांच्यावर खाचांचे तिरके वळ स्पष्ट उमटलेले दिसतात, ते एकदा पाहिलं की सगळी यंत्रणा डोक्यात बसते. एक औंसाचा १२ गेज फॉस्टर सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास निघतो, तर बरेच सॅबो १९०० ते २००० फुटांपर्यंत जातात.

उलटसुलट वापरलं तर काय होतं? सॅबो गुळगुळीत नळीतून मारला तर फिरकी मिळत नाही, गोळी कोलांट्या खाते आणि टार्गेटच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक पडतं. मऊ शिशाचा फॉस्टर रायफल्ड नळीतून जातो खरा, पण खाचांत शिसं भरत जातं, नेम हळूहळू बिघडतो, आणि मग ब्रॉन्झच्या ब्रशने घासत बसलं की शिशाच्या चकचकीत पातळ पट्ट्या निघतात. आणि छर्रे तर या नळीतून मारूच नयेत, फिरकीने ते बाहेर फेकले जातात आणि मधे रिकामी जागा राहते. म्हणून पक्ष्यांसाठी दुसरी नळी ठेवावी लागते.

बॅरल घेताना पिळाचा वेग बघा, म्हणजे किती इंचात एक फेरा पुरा होतो. बाजारात साधारण २४ ते ३६ इंचांत एक फेरा असलेल्या नळ्या दिसतात, लांब आणि वेगवान गोळीला जलद पीळ मानवतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या यंत्राच्या भागात, किती घट्ट बसते, कारण पंप बंदुकीत (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरतात ती) ती काढता-घालता येते म्हणून थोडी हलते, आणि दुर्बीण रिसीव्हरवर असेल तर ते हलणं थेट नेमात उतरतं. म्हणूनच दुर्बिणीचा माउंट नळीलाच जोडलेला असतो ती कँटिलिव्हर बॅरल मला जास्त शहाणपणाची वाटते.

चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी न बघता काडतूस घालू नका. पावणेतीन इंचाच्या चेंबरमध्ये तीन इंची काडतूस कधीच नाही, ते शिरलं तरी त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोकादायक वाढतो. धक्का झेपत नसेल तर २० गेज घ्या, हरणाला ते पुरून उरतं. खांद्याला घाबरून घोडा ओढताना डोळे मिटणाऱ्याला १२ गेजच्या जास्तीच्या ताकदीचा काय उपयोग?

ब्रँड कुठला चांगला याला एकच उत्तर नाही, प्रत्येक नळीची आवड निराळी. तीन-चार प्रकारचे डबे आणा, टेकू घेऊन आधी ५० गजांवर मग १०० वर तीन-तीन गोळ्या मारा, मधे नळी थंड होऊ द्या, आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील तेच काडतूस ठरवा. फॉस्टर ५० गजांवर जुळवला तर १०० वर साधारण पाच-सहा इंच खाली जातो, त्यामुळे त्याची मर्यादा ७५ गजांच्या आसपास धरावी. चांगला सॅबो १५० पर्यंत नेता येतो, पण आधी कागदावर सिद्ध झालं असेल तरच, जखमी जनावर जंगलात हरवणं ही शिकाऱ्याची चूक असते.

या नळ्यांची भरभराट झाली ती अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, तिथे सपाट शेतं आणि मधे मधे घरं, म्हणून बऱ्याच राज्यांनी हरणासाठी रायफल बंद ठेवून शॉटगनच सक्तीची केली. ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाकडे एकदम निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना मुभा दिली, इतर काही राज्यंही त्याच वाटेने गेली, त्यामुळे स्लगची गरज तिथे कमी झाली. कल्पना मात्र जुनी आहे, १८८५ मध्ये जॉर्ज फॉसबेरीने नळीच्या फक्त शेवटच्या काही इंचांत खाचा ठेवण्याचं पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंडने त्यावर पॅराडॉक्स बंदूक बनवली, छर्रेही चालायचे आणि गोळीही.