थेंब उभा राहतो, पण पाणी जातं का?

गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर, करून झालं की दुकानदार शेवटी एक गोष्ट हमखास करतो. बाटलीतून बोनेटवर पाण्याचा फवारा मारतो. टपोरे गोल थेंब उभे राहतात, खिशातून मोबाइल निघतात, व्हिडिओ होतो. जळगाव-धुळ्याकडे त्यावर एक वाक्यही ऐकायला मिळतं: "देखा भाऊ, पानी कसं पयी ऱ्हायनं!" गंमत अशी की त्या व्हिडिओत पाणी पळत नसतं. ते जागच्या जागी उभं असतं.

थेंब उभा राहणं वेगळं आणि पाणी पत्र्यावरून निघून जाणं वेगळं. पहिल्याला डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या चकाकवून कोटिंग करून देणारे, बीडिंग म्हणतात. दुसऱ्याला कुणी शीटिंग म्हणतं, कुणी 'पाणी सोडतं' एवढंच म्हणून मोकळं होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाटलीतल्या मालामुळे होतात, म्हणून एक दिसली की दुसरी असणारच असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आणि आपल्याकडे, म्हणजे बोअरचं पाणी, काळ्या मातीचा धुरळा आणि मे महिन्यात पंचेचाळिशीच्या वर जाणारा पारा असलेल्या मुलखात, रंगाच्या कामाची आहे ती दुसरी गोष्ट. पहिली एकटीच असली तर चक्क नडते.

आधी उभ्या थेंबाचं बघू. थेंबाची कड जिथे पत्र्याला टेकते, तिथे पाण्याचा आणि पत्र्याचा जो कोन होतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. पाणी, हवा आणि पृष्ठभाग यांच्या ओढाताणीतून हा कोन ठरतो, हे थॉमस यंगने १८०५ सालीच मांडलं होतं. कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पाणी पसरतं, जास्त असेल तर गोळा होतं. कोटिंग नसलेल्या स्वच्छ रंगावर तो सहसा ९० च्या खाली असतो. मेण किंवा सिरॅमिक चढवलं की शंभरच्या पुढे जातो. बाजूने बघितल्यावर अंदाजही करता येतो: छोट्या थेंबाची उंची त्याच्या तळाच्या रुंदीच्या बरोबर निम्मी असेल तर ९० अंश, उंची रुंदीच्या सुमारे सात-दशांश असेल तर ११० अंश. थेंब मात्र छोटाच हवा. मोठा थेंब स्वतःच्या वजनानेच चपटा होतो आणि चांगलं कोटिंगही वाईट दिसायला लागतं.

इथे एक मर्यादा आहे आणि ती बाटलीवर कधीच छापलेली नसते. गुळगुळीत पृष्ठभागावर, फ्लोरिनचं उत्तमातलं उत्तम रसायन वापरलं तरी, स्पर्शकोन १२० अंशांच्या आसपास अडकतो. त्याच्या पुढे जायचं तर पृष्ठभाग खडबडीत लागतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचवट्यांचा. मग थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो आणि खाली हवा राहते. गाडीच्या चकाकत्या रंगावर असे उंचवटे टिकवणं अवघड. चकाकी मरते, आणि दोन-चार वेळा फडका फिरला की उंचवटे झिजतात. तेव्हा आरशासारखी चकाकी आणि १५० अंशांचा थेंब, दोन्ही एकाच कोटिंगमध्ये आणि तेही पाच वर्षं टिकणारं, असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि पुढच्या दुकानात जा. खऱ्या बाजारात एका मालाचा थेंब १०५ अंशांचा असतो, दुसऱ्याचा ११२ चा. हा फरक उघड्या डोळ्याला कळत नाही. मोबाइलच्या व्हिडिओत तर नाहीच नाही. म्हणजे फवारा मारून दोन कोटिंगमधलं डावं-उजवं ठरवणं हा निव्वळ वेळ घालवायचा उद्योग आहे.

आता निघून जाणारं पाणी. पत्रा तिरका केला की थेंब लगेच घसरत नाही, आधी वाकतो. पुढची बाजू फुगते, मागची ताणली जाते. पुढचा कोन वाढतो, मागचा कमी होतो. या दोन कोनांमधला फरक जितका मोठा, तितका थेंब पत्र्याला जास्त चिकटून राहतो. फरक लहान असेल तर थोड्याशा उतारावरही सुटतो. थेंब सुटतो तेव्हाचा पत्र्याचा उतार म्हणजे घसरणकोन. थेंब किती उंच उभा होता यावरून हा कोन सांगता येत नाही.

अळवावरचं पाणी सगळ्यांना माहीत आहे: पान जरा हललं की मोती घरंगळून जातो. तिथे थेंब उंचही असतो आणि सुटाही. आता लाल गुलाबाची पाकळी घ्या. तिच्यावरचा थेंबही जवळजवळ तेवढाच गोल, कोन दीडशे अंशांच्या घरात. पण पाकळी उलटी केली तरी तो पडत नाही, खाली लटकून राहतो. फोटोत दोन्ही सारखे दिसतात. उलट बाजूचं उदाहरणही आहे. सिलिकॉनच्या काही गुळगुळीत थरांवर थेंब जेमतेम १०५ अंशांचा असतो, व्हिडिओसाठी अगदीच सुमार. पण पत्रा किंचित कलला की पाणी मागे खूण न ठेवता निघून जातं. पुढच्या-मागच्या कोनांत तिथे फरकच जवळपास नसतो.

गाडीवर हे बघायचं तर बोनेट सोडा, दाराकडे बघा. दारावरून उतरणाऱ्या एखाद्या थेंबाची शेपटी बघा. पाणी सोडणारा पृष्ठभाग असेल तर थेंबाची मागची कड गोल राहते आणि वाटेत काही उरत नाही. चिकट असेल तर मागे पाण्याची बारीक रेघ निघते, ती तुटून तिचे मोहरीएवढे थेंब होतात आणि ते तिथेच बसतात. मग ऊन लागतं.

ऊन लागल्यावर काय होतं, हाच आपल्याकडचा खरा प्रश्न. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा आपलं बोअर ६०० चं आहे. ०.०५ मिलिलिटरच्या एका टपोऱ्या थेंबात मग सुमारे ०.०३ मिलिग्रॅम क्षार आले. वाटतं, एवढ्याशाने काय होतंय. पण थेंब सुकतो तेव्हा हे क्षार सगळीकडे सारखे पसरत नाहीत. पाणी कडेने लवकर उडतं, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि क्षार कडेला कडं करून बसतात. बोनेटवर असे शेकडो थेंब, दर धुण्याला नवे. पाणी पसरून सुकलं असतं तर पातळ पांढुरका थर आला असता. थेंब उभा राहून सुकला की तेच क्षार एका टिकलीत गोळा होतात. काळ्या गाडीवर मे महिन्याच्या दुपारी या टिकल्या लांबूनही मोजता येतील.

म्हणून माझं मत असं की थेंब उंच उभा करणारं पण पाणी न सोडणारं कोटिंग हे खानदेशात सगळ्यात वाईट. त्यापेक्षा साधा, कोटिंग नसलेला रंग पुसायला तरी सोपा.

मृगाच्या पहिल्या सरीतही हेच. हवेतला धुरळा घेऊन पाऊस पडतो. पाणी सुटलं तर थोडी धूळ बरोबर घेऊन जातं, अडलं तर प्रत्येक थेंबाच्या जागी चिखलाचा ठिपका. 'गाडी आपोआप स्वच्छ राहते' या जाहिरातीतलं खरं एवढंच. अळवाच्या पानावर थेंब घरंगळतो आणि धूळ उचलून नेतो. गुळगुळीत रंगावर तो नुसता घसरतो, त्यामुळे चिकटलेली धूळ बहुतेक तशीच राहते. गाडी धुवावीच लागते.

दोन माल घरी तपासायचे असतील तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून टाकाऊ बोनेटचा किंवा दाराचा रंगवलेला सपाट तुकडा मागून आणा, साधारण ६० सेंटिमीटर लांबीचा. मधोमध मास्किंग टेप लावा. एका बाजूला एक माल, दुसऱ्या बाजूला दुसरा. बाटलीवर सांगितलाय तितका वेळ वाळू द्या, घाई करू नका. मग इन्सुलिनची सिरिंज घ्या. लाल टोपणाच्या, ४० युनिटवाल्या सिरिंजमध्ये दोन युनिट म्हणजे ०.०५ मिलिलिटर. दोन्ही बाजूंना तेवढाच एकेक थेंब ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. थेंब सुटेल तेव्हा उचललेल्या टोकाची उंची पट्टीने मोजा. ६० सेंटिमीटरच्या पत्र्यावर १० सेंटिमीटर उंची म्हणजे साडेनऊ अंशांचा उतार, २० म्हणजे साडेएकोणीस, ३० म्हणजे तीस. थेंबाचा आकार सारखा ठेवणं महत्त्वाचं. थेंब मोठा केला की त्याचं वजन भराभर वाढतं, पण त्याला धरून ठेवणारी कड तितक्या वेगाने वाढत नाही, म्हणून मोठा थेंब कुठूनही लवकर निसटतो. त्यामुळे आलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडू नका. आपल्याच पत्र्याच्या दोन बाजू एकमेकींशी ताडा. पाणी आरओचं वापरा, आणि पत्रा सावलीत ठेवा.

एवढा खटाटोप नको असेल तर गाडीवर पाइपाचं नोझल काढून नुसती धार सोडा. पाणी सलग थर करून एका बाजूला सरकतं की तुटून बेटं करून बसतं, ते बघा. टपावर बघा, कारण टप जवळजवळ सपाट असतो. उभ्या दारावर कुठलाही माल शहाणा वाटतो.

चाचणी फसवते तीही इथेच. आदल्या दिवशी मेण घातलेल्या शाम्पूने गाडी धुतली असेल तर बघताय ते शाम्पूचं बीडिंग. उलट शाम्पू नीट धुतला गेला नसेल तर त्याची साबणी पुटी पाणी पसरवते आणि चांगलं कोटिंग मेल्यासारखं दिसतं. आणि तिसरं, मळ. भुसावळला रेल्वे यार्डाजवळ रोज उभी राहणारी गाडी घ्या. रुळांची आणि ब्रेकची लोखंडी पूड रंगावर बसते, धुऊन जात नाही आणि गंजायला लागते. वर्षभराने पाणी सुटेनासं होतं आणि मालक म्हणतो, कोटिंग गेलं, पैसे बुडाले. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात, ते लोखंड. ते धुऊन काढल्यावर पुष्कळदा पाणी पुन्हा पूर्वीसारखं सुटायला लागतं. कोटिंग खालीच होतं, वर मळ होता. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या बाजूला राखेचा पातळ थर बसणाऱ्या गाड्यांनाही आधी नीट धुणं, मग निकाल, हाच क्रम.

एक तिसरा प्रकारही बाजारात आहे. मुद्दाम पाणी पसरवणारा. त्यावर थेंब उभाच राहत नाही, सलग थर होऊन पाणी उतरतं. दुकानातल्या फवाऱ्याच्या परीक्षेत तो सपशेल नापास होतो, म्हणून आपल्याकडे फारसं कुणी विकत नाही. डाग मात्र कमी पाडतो.

रंगाचं रक्षण हा विषय तर या दोन्ही परीक्षांच्या बाहेरचा. पाणी कसं वागतं ते सगळ्यात वरच्या काही रेणूंवर ठरतं. पाखरांची विष्ठा, ऊन, धुण्याच्या फडक्याचे ओरखडे यांना तोंड देणं खालच्या थराच्या जाडीवर आणि घडणीवर. ताजं मेण सुंदर थेंब उभा करतं आणि आपल्या उन्हात फार दिवस टिकत नाही. बाटलीवरचा '९एच' हा तर पेन्सिलीच्या ओरखड्याच्या चाचणीतला कडकपणा. त्याचा पाण्याशी काडीचा संबंध नाही.

तेव्हा दुकानात गेल्यावर नवी केलेली गाडी बघू नका. सहा महिन्यांपूर्वी केलेली, याच गावात फिरणारी एखादी गाडी दाखवायला सांगा. ती साध्या शाम्पूने धुवायला लावा, टपावर मगभर पाणी ओता आणि मिनिटभराने वर किती पाणी उरलंय ते बघा. दुकानदार फवाऱ्याची बाटली पुढे करेल. ती बाजूला ठेवायला सांगा.