लॉर्ड डनसेनीवरची समीक्षा

लॉर्ड डनसेनी, पूर्ण नाव एडवर्ड जॉन मोरटन ड्रॅक्स प्लंकेट (१८७८–१९५७), हा अँग्लो-आयरिश सरदार घराण्यातला लेखक, घराण्याचा अठरावा बॅरन. जन्म लंडनचा, पण वडिलोपार्जित वाडा आयर्लंडच्या मीथ काउंटीत, आयर्लंडच्या जुन्या राजांची जागा मानल्या जाणाऱ्या 'तारा' टेकडीपासून जवळच. १९०५ मध्ये त्याने पदरचे पैसे घालून 'द गॉड्ज ऑफ पेगाना' छापून घेतलं, आणि त्यात कुठल्याही धर्मातले नसलेले, स्वतःच्या डोक्यातून काढलेले देव एका ओळीत उभे केले. आजच्या फँटसीचा इतिहास सांगताना हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. पण अभ्यासकांनी त्याचं काय केलं ही वेगळीच गंमत आहे, कारण याला आयरिश साहित्यात बसवायचं की फँटसीत यावरच शंभरेक वर्षं घोळ चाललाय आणि त्या नादात त्याची अर्धी पुस्तकं कोणी नीट उघडलीच नाहीत.

पहिला मोठा समीक्षक म्हणजे आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स. त्याने डब्लिनच्या ॲबी थिएटरसाठी डनसेनीकडून नाटक लिहून घेतलं ('द ग्लिटरिंग गेट', १९०९) आणि १९१२ मध्ये कुआला प्रेसने काढलेल्या निवडक डनसेनीला प्रस्तावना लिहिली. प्रस्तावनेत कौतुक भरपूर आहे पण एक खंतही आहे, की या माणसाने आपली कल्पनाशक्ती त्या धूसर पूर्वेकडच्या वाटणाऱ्या देशांऐवजी जुन्या आयरिश दंतकथांकडे वळवली असती तर बरं झालं असतं, आणि लगेच येट्स हेही कबूल करतो की तसं केलं असतं तर त्याच्या लिखाणातली मजा गेली असती. पुढची सगळी आयरिश समीक्षा या एका वाक्याभोवती फिरत राहिली असं म्हटलं तरी चालेल. दोघांचं पुढे फारसं जमलं नाही. येट्सला डनसेनीच्या सरदारकीचा हेवा वाटायचा असं दोघांना ओळखणाऱ्या ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी या आयरिश लेखकाने नंतर लिहून ठेवलंय. गोगार्टीचा फटकळ स्वभाव बघता हे पूर्ण खरं धरू नये.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्याची नाटकं जोरात चालली आणि त्याच लाटेत एडवर्ड हेल बिअरस्टॅटचं 'डनसेनी द ड्रॅमॅटिस्ट' (१९१७) आलं. हे त्याच्यावरचं पहिलं पुस्तक, सूर भक्ताचा. अर्नेस्ट बॉइडनेही त्याच सुमारास एक लेख लिहिला, तो जास्त डोळस आहे.

मग अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट. १९१९ मध्ये बॉस्टनच्या एका हॉटेलात डनसेनीचं वाचन होतं, लव्हक्राफ्ट समोर बसून ऐकत होता, आणि त्या सुमाराला त्याने ज्या गोष्टी लिहिल्या त्या वाचल्या तर डनसेनीची छाप लपत नाही. भयकथांवरच्या त्याच्या प्रसिद्ध लांब निबंधात (१९२७) आधुनिक उस्तादांच्या चौकडीत मॅकेन, ब्लॅकवुड आणि एम. आर. जेम्स यांच्याबरोबर डनसेनीला जागा आहे. पण लव्हक्राफ्टला आवडायचा तो फक्त सुरुवातीचा डनसेनी. पुढे लिखाणात थट्टा शिरली तसा तो हळहळायला लागला. 'द बुक ऑफ वंडर' (१९१२) मधल्या बऱ्याच गोष्टी तर उलट्या रीतीने तयार झाल्या, म्हणजे चित्रकार सिडनी साइमने आधी चित्रं काढायची आणि डनसेनीने त्या चित्रांवरून गोष्ट रचायची. अशा पुस्तकात लेखक स्वतःच्याच जगाकडे बघून गालात हसणार हे उघड आहे. लव्हक्राफ्टचं मत मात्र इतकं पसरलं की आजही बरेच वाचक पेगाना वाचून पुढे थांबतात.

आयर्लंडमध्ये वेगळंच. १९३२ मध्ये आयरिश अकॅडमी ऑफ लेटर्स निघाली तेव्हा डनसेनीला पूर्ण सभासदत्व न देता सहयोगी ठेवलं, कारण काय तर याने आयर्लंडबद्दल लिहिलेलं नाही. त्यात हा राजकारणाने युनियनिस्ट, म्हणजे आयर्लंड ब्रिटनबरोबरच राहावं या मताचा, १९१६ च्या ईस्टरला डब्लिनमध्ये झालेल्या ब्रिटिशविरोधी उठावात ब्रिटिशांच्या बाजूने जखमी झालेला, म्हणजे नव्या देशाच्या साहित्याच्या इतिहासात त्याच्यासाठी जागा आधीच चिंचोळी. त्याने चिडून की काय, पुढच्याच वर्षी 'द कर्स ऑफ द वाइज वुमन' ही कादंबरी दिली. त्यात दलदलीतला पीट (जळणासाठी वापरायची कुजकी माती) काढायला कंपनी यंत्रं घेऊन येते, गावातली एक जाणती बाई शाप देते, आणि शेवटी वादळात अख्खी दलदल सरकून यंत्रांसकट सगळं गिळून टाकते. याच कादंबरीला अकॅडमीचा हार्म्सवर्थ पुरस्कार मिळाला.

डनसेनी वारल्यानंतर थोडी सामसूम होती. १९६९ पासून संपादक लिन कार्टरने बॅलंटाइन या अमेरिकन प्रकाशनाच्या फँटसी मालिकेत त्याची पुस्तकं पेपरबॅकमध्ये परत आणली, १९७२ मध्ये मार्क अमोरीचं चरित्र आलं (शिकार, क्रिकेट, बुद्धिबळ, सगळं आहे, साहित्याची चिकित्सा बेताचीच), आणि १९७३ च्या एका निबंधात अमेरिकन फँटसी लेखिका अर्सुला ले ग्विनबाईंनी नवख्या फँटसी लेखकांना इशारा दिला की डनसेनीची नक्कल करायला जाल तर हमखास आपटाल. त्याची ती बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतराच्या चालीची वाक्यं, ओळीमागून ओळ 'आणि'ने सुरू होणारी, त्यालाच पेलतात, बाकीच्यांच्या हातात त्याचं नाटकी सोंग होतं. लेख छोटा, पण शैलीबद्दल इतकं नेमकं क्वचितच कोणी लिहिलंय.

सगळं लिखाण एकत्र घेऊन वाचायचं काम मुख्यतः एस. टी. जोशींनी केलं. हे सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म पुण्याचा (१९५८), लहानपणीच अमेरिकेत गेले, लव्हक्राफ्टचे अभ्यासक म्हणून जास्त ओळखले जातात. डॅरेल श्वाइट्झरबरोबर त्यांनी १९९३ मध्ये डनसेनीची ग्रंथसूची केली, १९९५ मध्ये 'लॉर्ड डनसेनी : मास्टर ऑफ द अँग्लो-आयरिश इमॅजिनेशन' लिहिलं, २००४ मध्ये पेंग्विन क्लासिक्ससाठी निवडक कथा संपादित केल्या आणि २०१३ मध्ये समीक्षालेखांचा संग्रह काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पेगानापासून उतारवयातल्या कादंबऱ्यांपर्यंत एकच धागा आहे, माणूस निसर्गापासून तुटला आणि त्याने परत जावं; देव, पऱ्या, कुत्रे, दलदल ही फक्त त्याची बदलती साधनं. 'रोरी अँड ब्रॅन' (१९३६) मधला ब्रॅन हा कुत्रा आहे, पण पुस्तक ते सरळ कुठेच सांगत नाही, असल्या खोड्या जोशी आवडीने उलगडून दाखवतात.

हा धागा 'वाइज वुमन'ला चपखल बसतो. पेगानाला बसवताना मात्र मला ओढाताण वाटते. तिथे देवांना घडवणारा माना-यूड-सुशाई झोपलाय, त्याच्या पायाशी बसून स्कार्ल ढोल बडवतोय, ढोल थांबला की तो जागा होणार आणि देव न् जग दोन्ही नाहीसे होणार. आपल्याला शेषशायी विष्णू आठवतो, समीक्षक बायबल, ग्रीक पुराणं आणि नीत्शेकडे बोट दाखवतात, पण यात निसर्गाकडे परत जाण्यापेक्षा सगळंच क्षणभंगुर असल्याची थंडगार मौज जास्त आहे.

येट्सला खटकलेली ती 'धूसर पूर्व' आता वसाहतवादाच्या अंगाने तपासायला हवी, कारण साम्राज्याच्या सैन्यात नोकरी केलेला जमीनदार नकाशावर नसलेल्या पूर्वेत शहरं वसवतो आणि ती एकामागून एक वाळूत गाडतो, यात घरच्या जमीनदारीचा अस्त किती आणि नुसतं सजावटीचं पूर्ववेड किती, हा प्रश्न शैलीच्या कौतुकाखाली दबून राहिलाय. नाटकांचे हाल त्याहून वाईट आहेत, एके काळी त्याचं नाव झालं ते त्यांच्यामुळेच, आणि फँटसीवाले ती वाचत नाहीत, नाटकवाले त्याला फँटसीवाला समजून सोडून देतात.