क्लीनर नाही, मग डावीकडे बघणार कोण?

ट्रकमालकांसाठी माहितीपत्रक

पूर्वी दहाचाकीत क्लीनर असायचा. गल्लीत गाडी वळताना डाव्या दारावर थाप मारून "येऊ दे, येऊ दे... बास!" ओरडायचा. आता बऱ्याच गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालतात. डाव्या दाराखालचं त्याला सीटवरून दिसत नाही, आणि दुचाकीवाला नेमका तिथूनच घुसतो. म्हणून "काय काय बसवू?" असं कुणी विचारलं, की आम्ही आधी डाव्या बाजूचा आणि मागचा कॅमेरा सांगतो. स्क्रीनसकट आमच्याकडे आठ ते बारा हजारांत बसतो.

पुढचा डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, नंतर. त्याने अपघात टळत नाही, पण चूक कुणाची ते दिसतं. समजा, गाडीच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता ६० हजार आहे. अपघातानंतर गाडी दहा दिवस पोलीस ठाण्यात उभी राहिली, तर २० हजार नुसत्या हप्त्याचे गेले. बुडालेलं भाडं वेगळंच. कॅमेऱ्यामुळे विमा स्वस्त होईल, असं मात्र आम्ही सांगणार नाही. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं, त्यात कॅमेऱ्याला सूट नाही.

डुलकी ओळखणारा कॅमेरा महाग आहे. रात्रीच्या लांब फेऱ्या असतील तरच घ्या. चाकण-तळेगाव करणाऱ्या गाडीला कशाला? आणि ड्रायव्हरशी आधी बोला. न सांगता बसवला, की दोन दिवसांत त्यावर टॉवेल पडतो. ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो, म्हणून इग्निशन बंद झालं की आतलं रेकॉर्डिंगही बंद होईल, असंच सेटिंग आम्ही करून देतो.

आता घाटाचं. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या ट्रकला स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटरवर रोखणारं यंत्र, असतं, म्हणून मालक निर्धास्त असतात. पण गव्हर्नर इंजिनला आवरतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रलवर गाडी सोडली, तर ती उतारानेच पळते. गव्हर्नर काय करणार? सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरत नाहीत. जीपीएसवर उताराचा वेग दिसतो, पण तो रोज बघायला ऑफिसात कुणीतरी हवं. बघणारं कुणी नसेल तर जीपीएसचे महिन्याचे पैसे फुकट घालवू नका.

कारचा स्वस्त कॅमेरा आणून लावू नका. तो बऱ्याचदा १२ व्होल्टचा असतो, ट्रकची लाइन २४ ची, लगेच जळतो. वायर फ्यूजमधूनच घ्यायची, मधेच सोलून नाही.

बसवायला अर्धा दिवस लागतो. ड्रायव्हरला सोबत पाठवा. स्क्रीन कुठे हवी ते तोच सांगेल.