मध्यवर्ती प्रयोगशाळा सेवा, रुग्णालयीन (पुणे)

जीववैद्यकीय संशोधनाला लागणारी महाग उपकरणे, ती चालवणारे तंत्रज्ञ आणि नमुने साठवण्याची सोय एका ठिकाणी ठेवून रुग्णालयातील सर्व विभागांना, बहुधा बाहेरच्या संस्थांनाही, शुल्क घेऊन पुरवण्याची व्यवस्था. बोलताना सगळे ‘कोअर लॅब’च म्हणतात. ‘गाभा प्रयोगशाळा’ हे भाषांतर मुळाला धरून असले तरी त्यातून गाभाराच आधी डोळ्यांपुढे येतो. म्हणून या नोंदीत ‘मध्यवर्ती’ हा शब्द योजला आहे. कोअर लॅब ही संज्ञा आणखी दोन अर्थांनी रूढ आहे. रुग्णांच्या रोजच्या तपासण्या करणाऱ्या स्वयंचलित विभागाला ती लावतात. बहुकेंद्री औषधचाचणीतील सगळीकडचे ईसीजी किंवा अँजिओग्राफी एकाच ठिकाणी वाचणाऱ्या केंद्रालाही लावतात. त्या दोहोंचा येथे विचार नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही जण हा धागा १९२०च्या दशकात स्वीडनमधील उप्साला येथे टेओडोर स्वेडबर्ग यांनी उभारलेल्या अतिवेगी सेंट्रीफ्यूजपर्यंत नेतात: यंत्र एक आणि ते वापरू पाहणारे अनेक. दुसरे मत अमेरिकेत १९६०च्या सुमारास सुरू झालेल्या रुग्णालयीन चिकित्सा संशोधन केंद्रांना मान देते. तेथे खाटा, परिचारिका आणि प्रयोगशाळा अनेक संशोधकांत वाटून घेतल्या जात. तिसरे मत १९७१च्या अमेरिकी कर्करोग कायद्यापासून मोजते. त्यानंतरच्या काळात कर्करोग केंद्रांच्या अनुदानात सामायिक साधनांचा खर्च वेगळा मांडला जाऊ लागला. उप्सालाला येणारे अभ्यासक पाहुणे होते, ग्राहक नव्हते. वेळ राखून ठेवणे, दरपत्रक आणि वापराचा हिशेब ही या सेवेची खूण मानली, तर तिसरे मत अधिक पटते. यंत्रांचा इतिहासही त्याच बाजूने झुकतो. मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशी वेगळ्या करणारे यंत्र मांडले आणि १९७०च्या आसपास स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने त्याला फ्लुओरेसन्सची, म्हणजे चमकणाऱ्या रंगावरून पेशी ओळखण्याची, जोड दिली. हे यंत्र एकेका विभागाला परवडणारे नव्हते, आणि नवख्याच्या हाती देणे त्याहून महागात पडे. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकक्लोनी प्रतिपिंडे, म्हणजे नेमक्या एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रथिने, तयार करण्याची रीत दाखवली. त्यांना चमकणारा रंग जोडून हवी ती पेशी ओळखता येऊ लागल्यावर त्या यंत्राला कामाची ददात राहिली नाही.

पुण्यात मात्र मोठी यंत्रे बव्हंशी केंद्रीय संस्थांत आली आणि रुग्ण रुग्णालयांतच राहिले. ससून रुग्णालय १८६७ चे, त्याला जोडलेली बी. जे. वैद्यकीय शाळा १८७८ ची. शाळेचे महाविद्यालय १९४६ मध्ये झाले. विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने निघाले आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) झाले. भोसरीची एड्स संशोधन संस्था (नारी) १९९२ ची. या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची संस्था विद्यापीठाच्या आवारात आहे. १९८६च्या सुमारास प्राणिपेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून ती उभी राहिली; देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणे हेच तिचे मूळ काम. ती पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र (एनसीसीएस) म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पेशींचे भांडार तिच्याकडेच राहिले. म्हणजे पुण्यात सामायिक सेवा आधी आली, संशोधन संस्था तिच्याभोवती वाढली. संस्थेच्या परिचयांत ही गोष्ट सहसा एका ओळीत आटोपते.

या विभागणीमुळे पुण्यातील मध्यवर्ती सेवेचा निम्मा भाग म्हणजे नमुन्याचा प्रवास. ससूनपासून एनआयव्हीची जुनी इमारत जवळ आहे. गणेशखिंडीला, एनसीसीएसकडे, जायचे तर विद्यापीठ चौकातली कोंडी आडवी येते, आणि भोसरी त्याहून लांब. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या होत्या आणि निदानाचा भार एनआयव्हीवर होता, तेव्हा हे अंतर सामान्य पुणेकरालाही कळले.

अंतराचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो रक्तातील एककेंद्रकी पेशी, म्हणजे लिंफोसाइट आणि मोनोसाइट, वेगळ्या काढताना. हे तंत्र नॉर्वेच्या आर्ने बॉयम यांनी १९६८ मध्ये मांडले आणि थोड्याफार फरकाने तेच चालू आहे. दर मिलिलिटरला १.०७७ ग्रॅम घनतेच्या फायकॉल द्रावणावर पातळ केलेले रक्त नळीच्या कडेने, द्रावण न हलवता सोडायचे आणि सुमारे ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) बलाने अर्धा तास फिरवायचे. यंत्र थांबताना ब्रेक बंद हवा. ब्रेक लागला की थर ढवळले जातात आणि सकाळची मेहनत वाया जाते. नीट जमले तर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये सायीसारखा पांढुरका पट्टा दिसतो. तंत्रज्ञ श्वास रोखून तो पट्टा पिपेटने उचलतो. रक्त बर्फात ठेवून पाठवले की सुरक्षित, ही समजूत येथे नडते. या कामासाठी रक्त साध्या तापमानाला ठेवतात आणि शक्यतो आठ तासांच्या आत लावतात. रक्त शिळे झाले की ग्रॅन्युलोसाइट या कणदार पांढऱ्या पेशींची घनता बदलते आणि त्या पेशी पट्ट्यात घुसतात. याउलट काही संप्रेरकांचे नमुने बर्फातच आले पाहिजेत. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची हिरव्या झाकणाची नळी पेशींसाठी चालते, पण हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राला, अडथळा करते. डीएनएसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीएची (हेही रक्त गोठू न देणारे रसायन) नळी घ्यावी लागते. वॉर्डातल्या सिस्टरला हे कोणी सांगितले आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून. फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणारे यंत्र, कितीही नवा असो, चुकीच्या झाकणाची नळी त्याला सुधारता येत नाही.

वेगळ्या काढलेल्या पेशी डीएमएसओ (गोठताना पेशींना इजा होऊ न देणारे रसायन) घातलेल्या माध्यमात मिनिटाला साधारण १ अंश या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांच्या आसपास, ठेवतात. प्लाझ्मा आणि सीरम उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात गर्भवतींच्या रक्तातील बी-१२ आणि फोलेट यांची सांगड त्यांच्या मुलांच्या सहाव्या वर्षीच्या इन्सुलिन-प्रतिरोधाशी घातली गेली. तो निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे एकेका कुटुंबाची नोंद आणि एकेका नळीवरचा क्रमांक जुळता राहणे, याला यंत्रापेक्षा रजिस्टर लागते. वीज हा वेगळा विषय. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. म्हणून बुधवारी संध्याकाळी जनरेटरचे डिझेल पाहून ठेवण्याची सवय जुन्या तंत्रज्ञांना असते.

दर सहसा तीन पायऱ्यांचे: स्वतःच्या संस्थेला कमी, इतर शैक्षणिक संस्थांना मध्यम, कंपन्यांना पूर्ण. शुल्कातून रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनांचा, खर्च निघतो. यंत्राची वार्षिक देखभाल, म्हणजे एएमसी, निघेलच असे नाही. अनुदानातून यंत्र येते, अनुदान संपते, एएमसी थकते आणि दारावर ‘मशीन बंद आहे’ असा कागद लागतो. यंत्रे पडून राहू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये आय-स्टेम हे पोर्टल सुरू केले. त्यावर देशातील उपकरणे शोधून वेळ राखता येते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आरोग्य संशोधन विभागाची बहुविद्याशाखीय संशोधन एककांची योजना त्याआधीची, बाराव्या पंचवार्षिक योजनेतली.

साठवलेल्या नमुन्यांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. नमुना पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरायचा तर त्याची संमती कशी घेतली होती हे पाहिले जाते आणि प्रस्ताव एथिक्स कमिटीपुढे जातो. शोधनिबंधात तंत्रज्ञाचे नाव लेखकांत घालायचे की आभारांत, याविषयी एकवाक्यता नाही. प्रयोगाची आखणी किंवा आकडेवारीचा अर्थ लावण्यात वाटा असेल तर लेखकत्व, केवळ शुल्क घेऊन नमुना चालवला असेल तर आभार, ही भूमिका सयुक्तिक दिसते. प्रत्यक्षात पुष्कळदा आभारांतही फक्त यंत्राचे मॉडेल असते.