नॅशनल ट्रस्टचं कॉटेज की लँडमार्क ट्रस्टचं घर?

ब्रिटनमध्ये जुन्या जहागिरीवर चार दिवस राहायचं म्हणून शोधायला बसलं की दोन नावं हमखास पुढे येतात: नॅशनल ट्रस्ट आणि लँडमार्क ट्रस्ट. दोन्ही धर्मादाय संस्था, दोन्हींकडे जुन्या वास्तू, दोन्ही स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्यानं देतात. राहण्याचा अनुभव मात्र अगदी वेगळा.

नॅशनल ट्रस्ट १८९५ सालचा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड एवढाच त्याचा पसारा. स्कॉटलंडचा ट्रस्ट स्वतंत्र. विसाव्या शतकात वारसाकराच्या ओझ्यानं उमराव घराण्यांना हवेल्या सांभाळणं जड जाऊ लागलं आणि त्यातल्या बऱ्याच या ट्रस्टकडे आल्या. नॉरफकमधली ब्लिकलिंगची हवेली लॉर्ड लोथियन यांनी मृत्युपत्रानं दिली, १९४० मध्ये. हवेलीबरोबर शेती, जंगल, आणि माळी, राखणदार, दरवान यांची घरंही आली. सुट्टीसाठी मिळतात ती बहुतेक हीच. म्हणजे मुक्काम माळ्याच्या घरात, आणि हवेली दिवसा बघायची. (अपवाद आहेतच: ब्लिकलिंगलाच घोड्यांच्या शर्यती बघायला बांधलेला बुरूज भाड्यानं मिळतो.) आत टीव्ही असतो, स्वयंपाकघर आजच्या काळातलं असतं. राहायला ट्रस्टचं सभासदत्व लागत नाही.

लँडमार्क ट्रस्ट १९६५ मध्ये जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिश्चन यांनी काढला. मोठ्या संस्थांच्या नजरेत न भरणाऱ्या, पडायला आलेल्या छोट्या आणि बऱ्याचदा विक्षिप्त इमारती वाचवायच्या, दुरुस्त करायच्या आणि भाड्यातून त्यांची देखभाल चालवायची, असा हा व्यवहार. आज अशा दोनशेच्या आसपास इमारती आहेत. इथे तुम्ही झोपता ती वास्तूच बघायची वस्तू असते. टीव्ही आणि वायफाय मुद्दाम ठेवत नाहीत. त्याऐवजी निवडक पुस्तकांचं कपाट आणि आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेली वही. ती वही मला कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त आवडते.

घोळ खरा होतो तो दोघं एकाच जागी भेटतात तिथे. बकिंगहॅमशरमधल्या स्टोच्या बागा नॅशनल ट्रस्टच्या, पण त्याच बागेतलं वास्तुकार जेम्स गिब्ज यांचं १७४१ चं त्रिकोणी गॉथिक टेंपल (नाव देवळाचं, पण इमारत बागेच्या शोभेची) राहायला देतो लँडमार्क. खोल्या गोल, वरच्या घुमटात आतून रंगवलेली कुलचिन्हं. स्कॉटलंडमध्ये डनमोरला अननसाच्या आकाराचा दगडी घुमट आहे, अठराव्या शतकातला. दगडी पानांच्या खाचांत पाणी साचून गोठू नये म्हणून प्रत्येक पानाचा निचरा वेगळा काढलाय! मालकी स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टची, भाडेपट्टा लँडमार्ककडे. राहायची जागा अननसाच्या दोन्ही बाजूंच्या माळ्यांच्या खोल्यांत, त्यामुळे एका बाजूकडून दुसरीकडे जायचं तर बाहेर पडावं लागतं. पावसात हे लक्षात राहतं.

आईवडील आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी नॅशनल ट्रस्टच सुचवेन, शक्यतो तळमजल्यावर झोपायची खोली असलेलं घर बघून. लँडमार्कमध्ये गोल जिने आणि बुटकी दारं नेहमीची. गुडघे दुखणाऱ्या आजींना तिथे नेणं म्हणजे छळ. मित्रमंडळी किंवा दोघंच असाल तर डोळे झाकून लँडमार्क. दोन्हीकडे बहुतेक वेळा स्वतःची गाडी लागतेच, खेड्यातल्या बसवर विसंबू नका. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म फार हळवा असतो.

ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी असलेल्या लंडी बेटावर जायचं असेल तर मालक म्हणून नॅशनल ट्रस्टचं नाव दिसेल, पण १९६९ पासून बेट चालवतो लँडमार्क. जुनं दीपगृह असो की किल्ल्यातली खोली, आरक्षण त्यांच्याकडेच करायचं.