दोष क्रमांक १०२४

जुन्या २-जी फोनचा एक आवाज पस्तिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या कानात असेल. मोबाइल रेडिओशेजारी किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरशेजारी ठेवलेला असायचा, आणि घंटी वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून ‘टर्र-टर्र-टर्र’ यायचं. फोन येतोय हे फोनच्या आधी स्पीकरला कळायचं. कारण साधं होतं. जीएसएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. दर ४.६ मिलिसेकंदांनी आपली पाळी येते, तेवढ्यापुरता ट्रान्समीटर जोराने चालू होतो आणि लगेच बंद पडतो. सेकंदाला साधारण २१७ वेळा ही उघडझाप चालते. रेडिओलहरी कानाला ऐकू येत नाहीत, पण सेकंदाला २१७ ठोके म्हणजे स्वच्छ ऐकू येणारा सूर, आणि जवळच्या तारांमध्ये तो सहज उतरतो.

२००८ साली विक्रीला आलेल्या ‘निओ फ्रीरनर’ या फोनच्या अनेक नगांत हीच घरघर फोनच्या पोटात शिरली होती. स्वतःला ती ऐकू यायची नाही. पलीकडचा माणूस वैतागून म्हणायचा, ‘अरे, तुझ्या लाइनवर काय घुरघुरतंय?’ ट्रान्समीटरचे ठोके माइकला मिळणाऱ्या विजेत मिसळत होते.

असा दोष दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये निघाला असता तर ग्राहकाने दुकानात खेटे घातले असते आणि दुकानदाराने ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगून बोळवण केली असती. इथे तसं झालं नाही. फोनच्या सर्किटचा नकाशा लोकांच्या हातात होता. माइकच्या वाटेवर कुठे कपॅसिटर बसवला म्हणजे ठोके गाळले जातील हे शोधून काढलं गेलं, आणि जर्मनीत लोक सोल्डरिंगची बंदूक घेऊन एकत्र जमले, एकमेकांचे फोन उघडून डाख देत बसले. विकत घेतलेला फोन दुरुस्त करायला ग्राहकच जमलेत, हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. असे फोन विकणं इतकं अवघड का जातं, तेही याच दृश्यात दिसतं.

ही गोष्ट सुरू झाली नोव्हेंबर २००६ मध्ये. एफआयसी या तैवानच्या कंपनीत शॉन मॉस-पुल्ट्झ यांच्या पुढाकाराने ‘ओपनमोको’ नावाचा प्रकल्प जाहीर झाला. लिनक्स या खुल्या प्रणालीवर पूर्णपणे चालणारा आणि ज्याचा प्रोग्राम कुणालाही वाचता, बदलता येईल असा फोन करायचा होता. पहिला फोन २००७ च्या जुलैत आला, फ्रीरनर हा त्याच्या नंतरचा. त्याचं नाव निओ १९७३, कारण मार्टिन कूपर यांनी हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल केला तो १९७३ च्या एप्रिलमध्ये. प्रोग्रामरांसाठीच्या मोठ्या संचात फोनबरोबर एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि गिटार वाजवायची प्लास्टिकची नखी दिलेली असे. नखी कशाला? फोनची खाच उचकटून केस उघडायला. ‘उघडलंत तर वॉरंटी गेली’ असं स्टिकर लावण्याचा तो जमाना, आणि हे लोक उघडायचं हत्यार खोक्यातच घालून देत होते.

कुणी विचारेल, अँड्रॉइडही लिनक्सच आहे ना? आहे. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सचं कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारा मूळ प्रोग्राम, आहे. पण आपल्या खिशातल्या फोनमधलं कर्नल बहुतेक वेळा चिप बनवणाऱ्याने स्वतःपुरतं तोडून-जोडून घेतलेलं असतं. त्याला चिकटलेले बंद तुकडे बाहेर कुणाला वाचता येत नाहीत. दोन-चार वर्षांनी चिपवाल्याने हात काढून घेतला की अपडेट थांबतात आणि धडधाकट फोन कपाटात जातो. डेस्कटॉपवर असं सहसा होत नाही, कारण जोडलेली बरीचशी उपकरणं विचारल्यावर आपली ओळख स्वतः सांगतात. फोनच्या चिपमधले बरेच भाग मुके असतात. कुठल्या पिनेवर काय टांगलंय हे प्रत्येक मॉडेलसाठी हाताने लिहून कर्नलला सांगावं लागतं. हे लिखाण मूळ कर्नलमध्ये एकदा गेलं की फोन कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘पोस्टमार्केटओएस’ या फोनसाठीच्या लिनक्सने फोनला दहा वर्षांचं आयुष्य द्यायचं उद्दिष्ट ठेवलं, ते या वाटेनेच.

फोनच्या आत खरं तर दोन कॉम्प्युटर असतात. एक पडदा, ॲप, फोटो सांभाळतो. दुसरा म्हणजे मोडेम. टॉवरशी बोलणं त्याचं काम, आणि त्याचा प्रोग्राम वेगळाच असतो. निओमध्ये या दोघांना जोडणारी एक साधी सिरियल तार होती, आणि तीवर चालणारी भाषा १९८० च्या दशकातल्या टेलिफोन मोडेमची. टर्मिनल उघडायचं, ‘एटीडी’ टाइप करायचं, पुढे नंबर, आणि शेवटी अर्धविराम. एंटर दाबलं की पलीकडे घंटी वाजते. हा अर्धविराम विसरायचा नाही. तो नसला तर मोडेमला वाटतं डेटा पाठवायचाय. असला तर तो समजतो माणसाला बोलायचंय. उचलायला ‘एटीए’, ठेवायला ‘एटीएच’. आपल्याला फोन आला की पडद्यावर निमूटपणे ‘रिंग’ असा शब्द उमटतो. ॲपवरचं हिरवं बटण आतून हेच करत असतं हे एकदा बघितलं की फोनबद्दलची भीडच चेपते.

पण मोडेमच्या आत शिरता येत नव्हतं. निओमधला ‘कॅलिप्सो’ हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. त्याची कागदपत्रं गोपनीयतेच्या कराराखाली होती, त्याचा प्रोग्राम बंद. बाकीचा फोन उघडा आणि बोलणारा भाग कुलपात. तिथूनच निघाला दोष क्रमांक १०२४.

ओपनमोकोत प्रत्येक तक्रारीला नंबर मिळायचा आणि ती कुणालाही वाचता यायची. १०२४ व्या तक्रारीत असं होतं की मोडेम गाढ झोपेत गेला की नेटवर्क सोडायचा, जागा होऊन पुन्हा पकडायचा, पुन्हा सोडायचा. रेंज भरपूर आणि फोन मात्र सारखा ये-जा करतोय, वर बॅटरी खातोय. एक तोडगा निघाला तो आदेशाचा. ‘एटी%स्लीप=२’ असं सांगितलं की मोडेम हलकी झोप घेई, गाढ झोपत नसे. बॅटरी थोडी जास्त जायची, पण फोन लागायचा. पक्का उपाय डाख देण्याचाच होता, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून तिथे २२ चा बसवायचा. ज्वारीच्या दाण्याहून लहान वस्तू.

तिसरा दोष मला सगळ्यात आवडतो. फोन हातात पडल्यापडल्या लोकांची तक्रार सुरू झाली की जीपीएस लागतच नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, मेमरी कार्ड काढून ठेवलं की लागतो. उपग्रहाकडून येणारा जीपीएसचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत एका वॅटचा शंभर कोटी-कोटीवा भाग इतका क्षीण झालेला असतो. शेजारी कार्डाच्या घड्याळाची तार सेकंदाला लाखो वेळा वरखाली होत होती, आणि तिच्या गलक्यात ही कुजबुज बुडून जात होती. कार्ड वापरात नसताना घड्याळ थांबवायचं आणि तारेवरचा जोर कमी करायचा, असा बदल कर्नलमध्ये केला गेला. फोन न उघडता, नुसत्या अपडेटने जीपीएस सुधारला.

एवढं सगळं होऊनही फोन खपला नाही. किंमत ३९९ डॉलर. कॅमेरा नाही, ३-जी नाही. त्याच सुमारास, जुलै २००८ मध्ये, आयफोन ३-जी बाजारात आला आणि ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉइड फोन. फ्रीरनरचा पडदा सुंदर होता, ४८० बाय ६४० ठिपक्यांचा, म्हणजे एका चित्रापायी सहा लाखांवर बाइट हलवायच्या. त्या हलवणाऱ्या चिपला जोडणारी वाट अरुंद, त्यामुळे यादी सरकवताना पडदा अडखळायचा. सॉफ्टवेअरची दिशाही दोन-तीनदा बदलली. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने पुढच्या मॉडेलचं काम थांबवलं.

असा फोन विकायचा विषय निघाला की चर्चा दरवेळी एकाच जागी येऊन अडते. लोक म्हणतात किंमत कमी ठेवा, म्हणजे जास्त जण घेतील. करणारा म्हणतो, आधी जास्त जण घ्या, म्हणजे किंमत कमी होईल. दोघांचंही खरं आहे. समजा साचे, बोर्डाची आखणी आणि रेडिओच्या सरकारी चाचण्या यांवर २ कोटी रुपये गेले. ५ हजार फोन विकले तर दर फोनमागे ४,००० रुपये चढतात. ५० लाख विकले तर फक्त ४. शिवाय थोडक्या नगांची ऑर्डर घेऊन गेलेल्याला चिपवाले दारात उभं करत नाहीत, आणि कागदपत्रं तर मागूच नका.

या कोंडीतून दोन वेगळ्या वाटा निघाल्या. अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीने २०१७ मध्ये लिब्रेम ५ या लिनक्स फोनसाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. उद्दिष्ट होतं १५ लाख डॉलर, जमले २० लाखांहून जास्त. आगाऊ किंमत ५९९ डॉलर, आणि फोन द्यायचा होता जानेवारी २०१९ मध्ये. पहिले थोडे नग त्या सप्टेंबरात निघाले, मोठ्या संख्येने बनायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला, आणि पुढे किंमत हजार डॉलरच्याही वर गेली. वाट पाहणाऱ्यांचा संताप मला समजतो. पण त्या पैशांतून ‘फॉश’ हा फोनच्या पडद्यावरची बटणं, याद्या सांभाळणारा प्रोग्राम तयार झाला आणि तो सगळ्यांसाठी खुला आहे. आज इतर लिनक्स फोनांवरही तोच वापरला जातो.

पाइन६४ या दुसऱ्या कंपनीने उलट केलं. सॉफ्टवेअरवर खर्चच करायचा नाही, आम्ही फक्त यंत्र बनवतो, आत काय घालायचं ते तुम्ही बघा. २०२० च्या सुरुवातीला पाइनफोनची पहिली खेप निघाली तेव्हा तिचं नावच ‘ब्रेव्हहार्ट’ होतं, आणि फोनमध्ये फक्त कारखान्यातल्या तपासणीचा प्रोग्राम होता. किंमत १४९ डॉलर, वॉरंटी ३० दिवसांची. चिप मुद्दाम जुनी, ऑलविनर ए६४, कारण तिचं मूळ कर्नलमधलं काम लोकांनी आधीच करून ठेवलं होतं. पुढच्या खेपा वेगवेगळ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या नावे निघाल्या आणि दर फोनमागे १० डॉलर त्या प्रकल्पाला गेले. पाइनफोनचं मागचं झाकण नखाने निघतं. ते काढलं की सहा इवलेसे स्विच दिसतात. मोडेम, वायफाय, माइक, दोन कॅमेरे, हेडफोन. टाचणीने माइकचा स्विच खाली केला की माइकची वीजच तुटते. मग कुठल्याही ॲपला काहीही परवानगी दिलेली असो, ऐकणार कोण?

सुरुवातीला या फोनची बॅटरी काही तासांत बसायची, कारण तो नीट झोपत नव्हता. फोनची झोप मोठी अवघड. आई झोपली तरी तिला बाळाची हाक ऐकू येते, तसं इथे हवं असतं. सगळं बंद, तरी कॉल आला की जाग आली पाहिजे. ए६४ मध्ये हिशेब करणाऱ्या चार मुख्य गाभ्यांखेरीज (कोअर) एक छोटा पाचवा गाभा आहे. त्याच्यासाठी ‘क्रस्ट’ नावाचा खुला प्रोग्राम लिहिला गेला. चार गाभे बंद, मेमरी आपल्यापुरती तग धरून, आणि हा धाकटा एकटा जागा. कॉल आला की मोडेम एक तार हलवतो, धाकटा थोरल्यांना उठवतो. घंटी वाजेपर्यंत काही सेकंद जातात खरे, पण फोन दिवसभर टिकू लागला.

त्याहून मोठी गंमत मोडेमची. पाइनफोनमधला मोडेम स्वतःच आत लिनक्स चालवतो. लोकांनी तेही उघडलं आणि रेडिओचा बंद भाग तसाच ठेवून त्याभोवतीचं बहुतेक सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं. १०२४ च्या वेळी जे कुलूप होतं, त्याची निम्मी कडी तरी निघाली.

आपल्याकडे असा फोन वापरायचा तर पहिला प्रश्न व्होल्टीचा, म्हणजे ४-जीवरूनच बोलण्याच्या सोयीचा. २०१६ साली जिओ केवळ ४-जीवर सुरू झालं, आता त्यात ५-जीही आहे, पण तिथे २-जीचा आवाज नाहीच, त्यामुळे फ्रीरनर तिथे बोलू शकत नाही. पाइनफोनच्या मोडेमला व्होल्टी येतं, पण कंपनीगणिक वेगळी मांडणी निवडावी लागते. मराठी दिसण्याची मात्र चिंता नाही. लिनक्सवरच्या लोहित देवनागरी फॉन्टवर पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं काम केलंय, आणि फोनवरचं लिनक्स तेच लिनक्स असल्याने जोडाक्षरं तिथेही नीट उमटतात. विकायचं म्हटलं तर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी, रेडिओची मंजुरी, आयएमईआय हे सगळं आलंच, आणि तो खर्च पुन्हा त्या ५ हजार फोनांवरच चढणार.

ओपनमोको थांबलं तेव्हा हजारो फ्रीरनर लोकांच्या खणांत होते. कंपनीने मार्च २००८ मध्येच फोनच्या केसची कॅड ड्रॉइंग खुली केली होती. म्युनिकजवळच्या एका छोट्या कंपनीने ती मापं घेऊन नवं बोर्ड आखलं, जास्त वेगाचा प्रोसेसर आणि ३-जी मोडेम असलेलं, आणि त्याला नाव दिलं जीटीए०४. ते बोर्ड बरोब्बर जुन्या केसमध्ये बसतं. पडदा जुनाच, बटणं जुनीच. ज्यांनी ते घेतलं, त्यांनी खणातला फोन काढला, खाचेत नखी सरकवली, कॅलिप्सो असलेलं जुनं बोर्ड उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच चार भिंतींत नवा फोन बसवला.